दोन विद्यांच्या सीमेवरील अध्यासन

विद्यापीठातील ज्येष्ठ प्राध्यापकाची जागा भरावयाची म्हणजे जाहिरात, अर्ज, छाननी, मुलाखत आणि शिफारस हा ठरलेला रिवाज. परंतु संगणकशास्त्र विभागात जैवमाहितीशास्त्राचा प्राध्यापक नेमण्याची तजवीज होऊ लागली, तेव्हा उमेदवाराची पारख गणितज्ञाने करावी की जीवशास्त्रज्ञाने, हाच सवाल अवघड होऊन बसला. त्याचे कारण या विद्येच्या जन्मात आहे. 1965 साली पासष्ट प्रथिनांच्या रचना एका ग्रंथात संकलित करणाऱ्या मार्गारेट डेहॉफ मूळच्या पुंजरसायनाच्या अभ्यासक. 1981 मध्ये जैविक अनुक्रम ताडून पाहण्याची सुप्रसिद्ध रीत टेंपल स्मिथ यांच्यासह सिद्ध करणारे मायकेल वॉटरमन गणिती. ज्या विषयाची पदवीच कोणी देत नव्हते, त्याची पदवी अर्जदाराजवळ असावी तरी कशी?

म्हणून या अध्यासनाचा खरा इतिहास जाहिरातींच्या दफ्तरात सापडत नाही. तो शिष्यपरंपरेत शोधावा लागतो. कोलोरॅडो विद्यापीठात आंद्झेय एरेनफॉइश्ट या पोलंडहून आलेल्या गणितज्ञाच्या हाताखाली जीन मायर्स आणि डेव्हिड हॉसलर हे दोन विद्यार्थी घडले व अनुक्रमे 1981 आणि 1982 साली विद्यावाचस्पती होऊन बाहेर पडले. मायर्स ॲरिझोना विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात रुजू झाले, आणि दोन मजकुरांतील फरक कमीत कमी श्रमात कसा हुडकावा या, वरकरणी रूक्ष वाटणाऱ्या, प्रश्नाच्या व्यासंगातून जनुकांच्या अक्षरमालेपर्यंत पोहोचले. 1990 साली प्रसिद्ध झालेल्या ‘ब्लास्ट’ या शोधपद्धतीच्या पाच कर्त्यांपैकी ते एक होत. हॉसलर 1986 पासून सांताक्रूझ येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात यंत्रशिक्षणाचे संशोधन करीत होते. मात्र विद्यार्थिदशेत सुटीतले दिवस त्यांनी जीवरसायनज्ञ असलेल्या थोरल्या बंधूच्या प्रयोगशाळेत घालविले होते, आणि तो संस्कार पुढे फळास आला. दोघांचीही विभागात नोंद संगणकशास्त्रज्ञ म्हणूनच होती, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

पुढे मानवी जनुकसंच वाचण्याची शर्यत लागली, तेव्हा हे गुरुबंधू परस्परविरुद्ध पक्षांत उभे ठाकले. मायर्स 1998 मध्ये सेलेरा या खासगी कंपनीत गेले. हॉसलर सार्वजनिक प्रकल्पाच्या साहाय्यास धावले, आणि त्यांच्याच विद्यापीठातील जिम केंट या विद्यार्थ्याने सुमारे चार आठवड्यांत रचलेल्या आज्ञावलीने शंभर संगणकांवर जनुकसंचाच्या विस्कळीत तुकड्यांची जुळणी करून 22 जून 2000 रोजी काम तडीस नेले. 7 जुलै रोजी या जुळणीतून सिद्ध झालेला जनुकसंचाचा मसुदा कोणाही जिज्ञासूस विनामूल्य खुला झाला. ज्ञान हे कोणाच्या मालकीचे नसावे, या भूमिकेला एका संगणकशास्त्र विभागाच्या आश्रयाने एवढे बळ मिळावे, याचे मला आजही अप्रूप वाटते.

या यशानंतर अशा प्राध्यापकास मागणी आली नसती तरच नवल. 2002 साली बर्कलीच्या संगणकशास्त्र विभागाने मायर्स यांना प्राध्यापकपदी आणले खरे, पण 2005 मध्ये ते व्हर्जिनियातील जनेलिया फार्म या संशोधनसंस्थेत निघून गेले. पदाची मंजुरी आणि वेतनाची तरतूद विद्यापीठाच्या अखत्यारीत असते. पण ज्याला एकाच वेळी संगणकही हवा आणि सूक्ष्मदर्शकही, अशा विद्वानास गुंतवून ठेवील असे कार्यक्षेत्र एकट्या विभागाला निर्माण करता येत नाही. सांताक्रूझ येथे जैवरेण्वीय अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला, तो मला याच जाणिवेचा परिपाक वाटतो.

पुणे विद्यापीठाने ही वाट पुष्कळ आधी धरली होती. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या योजनेखाली 1987 साली तेथे जैवमाहितीशास्त्राचे केंद्र उभे राहिले, ते डॉ. अशोक कोळस्कर यांच्या नेतृत्वाखाली. प्रथिनाचा कोणता भाग प्रतिपिंडांच्या नजरेत भरेल, याचे त्याच्या अक्षरमालेवरून अनुमान करण्याची जी रीत त्यांनी टोणगावकर यांच्यासह 1990 साली प्रसिद्ध केली, ती लस शोधणारे संशोधक आजही त्या दोघांच्याच नावांनी ओळखतात.