वासना, शोध आणि हरवलेली एक ओळ

रिद्धपूरला जाऊन आलो. त्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण आळस, दुसरं काय! शिवाय लिहायचंय ते निम्मं सातशे वर्षांपूर्वीच्या पोथ्यांबद्दल आणि निम्मं कॉम्प्युटरबद्दल. म्हणजे घरची मंडळी निम्म्यावर वाचणं सोडणार आणि ब्लॉगवाली मंडळी निम्म्यापासून सुरू करणार. पण दोन्ही निम्मे एकाच गोष्टीचे आहेत, तेव्हा जरा धीर धरा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रिद्धपूर हे अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातलं गाव. आजूबाजूला संत्र्याच्या बागा. चक्रधरस्वामींचे गुरू गोविंदप्रभू इथे राहत. महदंबेनं धवळे इथलेच. आणि शके १२०० म्हणजे १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं तेही इथेच, वाजेश्वरीला. 'मराठीतला पहिला गद्य चरित्रग्रंथ, दोन गुण' एवढंच आपल्याला शाळेपासून माहीत. आता मराठी भाषा विद्यापीठही याच गावाला मिळालंय.

मोर्शीचे मामा बरोबर होते. राजमठातून बाहेर पडताना मी त्यांना सांगत होतो, की मामा, या लोकांच्या पोथ्यांमध्ये 'वासना' नावाची एक चीज असते. मामा थबकलेच. "काऊन रे, देवाच्या पोथीत वासना कायची?"

तर या वासनेची गोष्ट सांगायची आहे. पण त्याआधी एका सरांची.

एका महाविद्यालयात मी काही वर्षं कॉम्प्युटरची कामं बघायचो. तिथे मूडल होतं. मूडल म्हणजे ऑनलाइन वर्गाचं सॉफ्टवेअर: धडे, गृहपाठ, चाचण्या, गुण, सगळं एका ठिकाणी. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या मार्टिन दुगियामास यांनी ते सुरू केलं, २००२ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. मुक्त-स्रोत, म्हणजे फुकट तर आहेच, पण आतला कोड उघडून आपल्याला हवा तसा बदलायचीही मुभा. ही मुभा आमच्याकडच्या एका सरांनी मनापासून वापरली. विषय त्यांचा भलताच, प्रोग्रामिंग स्वतःचं स्वतः शिकलेले. खेड्यांतून येणाऱ्या मुलांना इंग्रजी सूचना कळत नाहीत म्हणून त्यांनी मराठी शब्द बदलून सोपे केले. हजेरीच्या यादीत आडनाव आधी आणलं. गुणपत्रिका आपल्या पद्धतीची केली. रात्री उशिरापर्यंत बसायचे आणि सकाळी येऊन सांगायचे, "पाहा बरं आता कसं दिसते ते!"

हे सगळे बदल त्यांनी थेट मूडलच्या मूळ फायलींमध्ये केले होते. नोंद कुठेही नाही. नोंद होती ती त्यांच्या डोक्यात.

२०१० च्या हिवाळ्यात सर गेले. अचानक.

त्याच नोव्हेंबरमध्ये मूडल २.० आलं होतं. १.९ पासूनची ती मोठी उडी होती, आतलं बरंच काही नव्यानं लिहिलेलं. पुढच्या उन्हाळ्यात मी अपग्रेड करायला घेतलं. बॅकअप घेतला, जुना फोल्डर बाजूला ठेवला, नवा आणला, डेटाबेस चढवला. सगळं चालू! मी खूश. दुसऱ्या दिवशी लोक विचारायला लागले: यादी अशी का दिसते? ते सोपे शब्द कुठे गेले? तेव्हा लक्षात आलं, की सरांची तीन वर्षं मी एका दुपारी पुसून टाकली होती.

बॅकअप होता हे नशीब. उपाय तसा सोपा असतो. जुन्या फोल्डरमधल्या आवृत्तीच्या फाइलीत नेमका आकडा असतो. तीच आवृत्ती मूळ स्वरूपात उतरवून घ्यायची आणि दोन्ही फोल्डर ओळीला ओळ लावून ताडून पाहायचे. जिथे फरक, तिथे सरांचा हात. तसं केलं. यादी निघाली. त्यातलं जमेल तेवढं नव्या आवृत्तीत परत बसवलं.

एक ओळ मात्र कळेना. चाचणीची वेळ संपल्यावरसुद्धा उत्तरं आणखी दहा मिनिटं स्वीकारायची, असा काहीतरी तिचा अर्थ. मला वाटलं, सरांनी कधीतरी प्रयोग केला असेल आणि काढायचं राहिलं असेल. वेळ संपली म्हणजे संपली! ती ओळ मी सोडून दिली.

पहिल्याच सत्र चाचणीला वीज गेली. त्या काळातलं आमच्याकडचं लोडशेडिंग आठवत असेल तर पुढचं सांगायला नको. जनरेटर सुरू होऊन मशीन पुन्हा उभी राहीपर्यंत वेळ संपलेली आणि उत्तरपत्रिका बंद. एक मुलगी रडत माझ्याकडे आली, सगळी उत्तरं येत होती म्हणाली. चाचणी पुन्हा घेतली, पण ती मुलगी रोज एसटीनं येणारी, पुन्हा घेतली त्या दिवशी तिला येताच आलं नाही. सरांची ती दहा मिनिटं तिच्यासाठी होती. ओळ माझ्या हातात होती, कारण नव्हतं.

आता रिद्धपूरकडे वळू. गोष्ट तीच आहे, फक्त फार मोठी.

चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांच्या आठवणी माणसांकडे विखुरलेल्या होत्या. म्हाइंभटांनी त्या गोळा केल्या. नागदेवाचार्य म्हणजे भटोबास हे मुख्य सांगणारे. पण एकाच्या आठवणीवर म्हाइंभट थांबले नाहीत. ज्यानं जे पाहिलं-ऐकलं ते त्याच्याकडून ऐकायचं, ताडून पाहायचं, मग लिहायचं. एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध असे भाग पडले. हे सगळं मराठीत, हेही महत्त्वाचं. संस्कृतात लिहू शकणारे पंडित पंथात होते, पण साध्या बायाबापड्यांना कळणार नाही ते काय कामाचं, अशी भटोबासांची भूमिका. (सरांचे सोपे शब्द आठवले.)

पुढे चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला, खिलजींच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत, ती मूळ पोथी नाहीशी झाली. भटोबास तोवर राहिले नव्हते. परंपरा सांगते की मग ज्यांना जसं पाठ होतं त्यांच्याकडून ग्रंथ पुन्हा उभा करण्यात आला. त्यात हिराइसा नावाची बाई होती, तिची स्मरणशक्ती विलक्षण. रामेश्वरबास होते, परशरामबास होते. यांचे पाठ एकमेकांशी बरेचसे जुळायचे, काही ठिकाणी जुळायचे नाहीत. एकाच्या आठवणीत गाव वेगळं, दुसऱ्याच्या आठवणीत शब्द वेगळे.

इथे त्या लोकांपुढे तोच प्रश्न होता जो माझ्यापुढे होता. मूळ समोर नाही, सांगणारा गेला, आणि हातात फरकांची यादी. सोपा मार्ग म्हणजे एक पाठ खरा धरायचा आणि बाकीचे टाकून द्यायचे. त्यांनी तसं केलं नाही. मुख्य मजकूर चालू ठेवला आणि जिथे वेगळं सांगणारा होता तिथे ते वेगळं लिहून ठेवलं, पुष्कळदा सांगणाऱ्याच्या नावानिशी. या पाठभेदाला ते म्हणतात 'वासना'. आणि कुणी विचारपूस करून जास्तीची माहिती मिळवली असेल तर तो 'शोध'. म्हणजे वाचणाऱ्याला मूळ धागा कुठला, पुरवणी कुठली आणि ती कुणाची, हे सातशे वर्षांनीही वेगळं काढता येतं. मामांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे भांडन मिटवलंच नाही म्हना की!" अगदी बरोबर. मिटवलं नाही, नोंदवून ठेवलं.

दुसरी एक शहाणपणाची गोष्ट केली ती केसोबासांनी. चक्रधरांची वचनं लीळांमध्ये विखुरलेली होती, ती त्यांनी निवडून सूत्रपाठ वेगळा बांधला, दृष्टांतपाठ वेगळा केला. लीळाचरित्र आपल्या जागी राहिलं. नवं काही करायचं तर ते मुळात न घुसडता शेजारी करायचं.

तिसरी गोष्ट मला खटकते तीही सांगतो. पुढे पंथानं ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. पोथ्या जपल्या गेल्या, पण बाहेरच्या मराठी माणसाला कित्येक शतकं वाचता आल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्यांनी ती लिपी उलगडल्यावर दार उघडलं. मग ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे, १९७८ मध्ये वि. भि. कोलते अशी लीळाचरित्राची संपादनं झाली. गोविंदप्रभूंच्या चरित्राचं इंग्रजी भाषांतर १९८४ मध्ये अमेरिकेतल्या अॅन फेल्डहाउस यांनी केलं. इतकी वर्षं पोथी सुखरूप होती, पण तिच्यावर काम करणारे हात मोजकेच होते.

कॉम्प्युटरवाल्यांना हे सगळं फार उशिरा सुचलं. १९७२ मध्ये बेल लॅब्समध्ये मार्क रॉचकाइंड यांनी कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा पहिला प्रोग्राम केला. १९८५ मध्ये लॅरी वॉलचा 'पॅच' आला, म्हणजे अख्खी फाइल न पाठवता फक्त फरक पाठवायचा आणि समोरच्यानं तो आपल्या प्रतीवर चढवायचा. मग सीव्हीएस, मूडलही आधी त्याच्यावरच होतं. आणि एप्रिल २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्सनं गिट लिहिलं.

सरांसारखे बदल गिटमध्ये कसे सांभाळायचे ते थोडक्यात सांगतो. एक फांदी फक्त मूडलची, तिला आपण हात लावायचा नाही. दुसरी आपली. प्रत्येक बदल वेगळा नोंदवायचा आणि नोंदीत कारण लिहायचं. नवी आवृत्ती आली की दोन मार्ग. एक, ती आपल्या फांदीत मिसळायची, म्हणजे मर्ज. दुसरा रिबेस: पोथीवर लावलेल्या आपल्या चिठ्ठ्या क्रमानं काढून घ्यायच्या, खाली नवी पोथी ठेवायची आणि चिठ्ठ्या एकेक करून परत लावायच्या. जी चिठ्ठी बसत नाही तिथे गिट थांबतं आणि विचारतं, हे ठेवू की ते? आणि मुळात चिठ्ठ्या कमीच असाव्यात. नवी सोय हवी तर मूडलला प्लगइन करता येतं. मराठी शब्द बदलायचे तर त्याला 'लोकल' नावाचा वेगळा फोल्डर असतो, अपग्रेडनं तो पुसला जात नाही. तो १.९ मध्येही होता! आम्हाला ठाऊक नव्हतं, इतकंच. सगळ्यात उत्तम म्हणजे आपला बदल मुळाकडे पाठवून देणं. वेळ संपल्यावर थोडी सवलत देण्याची सोय पुढे मूडलमध्येच आली. सरांची गरज काही जगावेगळी नव्हती.

एका बाबतीत मात्र पोथीवाले सुखी. गिट भांडण मिटवायलाच लावतं, कारण कोड चालावा लागतो, दोन ओळी एकदम खऱ्या असून चालत नाही. पोथीत वासना मुख्य मजकुराशेजारी सुखानं नांदते. आपल्याकडे ती मागच्या इतिहासात जाते आणि कुणी उलटून पाहिलं तरच दिसते. म्हणून तर नोंदीत कारण हवं.

ते काम सोडण्याआधी मी एक गोष्ट केली. सरांच्या बदलांची ती यादी घेतली आणि जुन्या मूळ आवृत्तीवर एकेक बदल गिटमध्ये चढवला. गिट दोन नावं वेगळी ठेवतं: बदल कुणाचा आणि नोंदवला कुणी. म्हाइंभटांना हे नक्की आवडलं असतं. पहिल्या जागी सरांचं नाव घातलं, दुसऱ्या जागी माझं. त्यांच्या सहकाऱ्यांना, घरच्यांना विचारत फिरलो. बरीच कारणं मिळाली. आडनाव आधी का, ते हजेरीपटावरून. एक रंग का बदलला, तर जुन्या मॉनिटरवर अक्षर दिसत नव्हतं. दहा मिनिटांच्या ओळीपुढे लिहिलं, 'वीज जाते म्हणून.'

चार बदलांची कारणं कुणालाच सांगता आली नाहीत. त्यांच्यापुढे लिहिलं, 'कारण मिळालं नाही. काढू नये.'

परतीच्या वाटेवर मामांना हे सांगितलं. ते बराच वेळ बाहेरच्या बागांकडे पाहत बसले. मग म्हणाले, "त्या पोरीचं काय झालं रे?"

पास झाली, मामा. पुढच्या वर्षी.