महाराष्ट्र केसरी: पाठ टेकली की नाही, हे नेमकं कोण ठरवतं?

२ फेब्रुवारी २०२५. अहिल्यानगरमध्ये महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागातली निर्णायक कुस्ती सुरू होती. पृथ्वीराज मोहोळविरुद्ध शिवराज राक्षे. पंचांनी मोहोळला चितपटीने विजयी घोषित केलं. आपले दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, व्हिडिओ पाहा, असं राक्षेचं म्हणणं होतं. ती मागणी मान्य झाली नाही. वाद वाढला आणि राक्षेने पंचांची कॉलर धरून लाथ मारली.

त्याच दिवशी अंतिम लढतीत गुणांवरून नाराज झालेला महेंद्र गायकवाड शेवटची काही सेकंद उरलेली असताना गादी सोडून निघून गेला. मोहोळ महाराष्ट्र केसरी झाला. राक्षे आणि गायकवाड या दोघांवर तीन-तीन वर्षांची बंदी आली.

पंचाला लाथ मारणं चूकच, त्यात दुमत असण्याचं कारण नाही. पण पाठ टेकली होती का, हा मूळ प्रश्न बंदीमुळे सुटत नाही. त्या कुस्तीचे व्हिडिओ मोबाईलवर फिरले आणि एकच व्हिडिओ पाहून लोक दोन उलट गोष्टी सांगत राहिले.

कोल्हापूरकरांना हे नवीन नव्हतं

दोन वर्षांपूर्वी, जानेवारी २०२३ मध्ये, पुण्यात कोथरूडला झालेल्या स्पर्धेत कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत तयार झालेला सिकंदर शेख माती विभागात महेंद्र गायकवाडकडून हरला. महेंद्रने बाहेरची टांग मारली आणि पंचांनी त्याला चार गुण दिले. सिकंदरच्या समर्थकांचा आक्षेप असा, की तो पाठीवर पडलाच नाही, मग चार गुण कसले? कोल्हापुरात पुढचे कित्येक दिवस चहाच्या टपरीवर दुसरा विषय नव्हता. पंचांना फोनवरून धमकी आल्याचं प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं.

चार की दोन, हा फरक समजून घेण्यासारखा आहे. प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन त्याच्यावर ताबा मिळवला की दोन गुण. पण त्याला थेट धोक्याच्या स्थितीत पाडलं, तर चार. धोक्याची स्थिती म्हणजे पाठ गादीकडे वळलेली आणि गादीशी तिचा कोन ९० अंशांपेक्षा कमी. पैलवान कुशीवर पडला की पाठीकडे कलून पडला, एवढाच तो भेद. आणि तो पडत असताना, फिरत असताना, क्षणार्धात ओळखायचा. सहा मिनिटांच्या कुस्तीत दोन गुणांचं अंतर निकाल फिरवायला पुरेसं असतं.

खासबागेत गुण नव्हते

शाहू महाराजांनी उभारलेलं खासबाग मैदान १९१२ पासून कुस्त्या पाहतंय. तिथली परंपरा निकाली कुस्तीची. गुणफलक नाही, पाठ मातीला लागली की संपलं; नाहीच लागली, तर कुस्ती बरोबरीत सोडवायची. मैदानाची रचना अशी, की बसलेल्या प्रत्येकाला हौदा दिसतो. एका अर्थाने सगळं मैदानच पंच असायचं. वाद तेव्हाही होतच. ‘पाठ लागली नाही’ म्हणत लोक हौद्यात उतरत. पण भांडण एकाच गोष्टीवर असे. गुणांची कुस्ती आली आणि वादाच्या जागा वाढल्या: कोणी आधी रेषेबाहेर पाय टाकला, ताबा पूर्ण होता का, कोन किती होता. माझं मत विचाराल तर पंच पूर्वीपेक्षा वाईट झालेत असं नाही. त्यांच्याकडून मागितलं जाणारं काम कितीतरी बारीक झालंय.

निर्णय एकट्याचा नसतो

टीव्हीवर आपल्याला शिट्टीवाला पंच दिसतो. त्याच्या डाव्या मनगटावर लाल आणि उजव्या मनगटावर निळी पट्टी असते. ज्या पैलवानाचा गुण, त्या रंगाचा हात वर करून तो बोटांनी गुण दाखवतो. पण आंतरराष्ट्रीय नियमांनुसार त्याच्याबरोबर गादीच्या कडेला एक साईड पंच आणि टेबलावर मॅट चेअरमन असतो. गुणांसाठी तिघांपैकी दोघांचं एकमत लागतं. चितपटही एकट्याने देता येत नाही, उरलेल्या दोघांपैकी एकाची संमती हवी. शिवाय खांद्यांचा नुसता स्पर्श पुरत नाही. दोन्ही खांदे एकाच वेळी टेकलेले आणि पंचाला पूर्ण ताबा दिसेल इतका वेळ दाबून धरलेले असावे लागतात.

निर्णय पटला नाही, तर प्रशिक्षक गादीवर स्पंज टाकून आव्हान देतो, तेही लगेच. मग व्हिडिओ पाहिला जातो. आव्हान बरोबर ठरलं तर गुण बदलतात आणि पुन्हा आव्हान देण्याची संधी टिकते. फसलं तर संधी जाते आणि वर प्रतिस्पर्ध्याला एक गुण. पण यात एक अट आहे: ही सोय जिथे अधिकृत व्हिडिओ यंत्रणा लावलेली आहे तिथेच मिळते. गावच्या मैदानात किंवा छोट्या निवड चाचणीत पैलवानाच्या हातात पंचाचा शब्द एवढंच असतं.

इतका संताप का होतो?

कारण गदा ही फक्त गदा नसते. नरसिंग यादव आणि विजय चौधरी हे महाराष्ट्र केसरी पुढे पोलीस उपअधीक्षक झाले. तालमीत पोरगं ठेवणाऱ्या शेतकरी घराला दूध, बदाम, तूप यांचा खर्च वर्षानुवर्षं पेलावा लागतो, तो अशाच एका दिवसाच्या आशेवर.

त्यात संघटनांचा घोळ. नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाच महिन्यात दोन महाराष्ट्र केसरी झाले. पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख जिंकला, धाराशिवला शिवराज राक्षे. दोन आयोजक, दोन गदा. स्पर्धा खरी कुठली यावरच एकमत नसेल, तर तिथल्या पंचावर पैलवानाने डोळे झाकून विश्वास ठेवावा, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. पंच कोणी नेमले, त्यांच्यातला कोणी लढणाऱ्या पैलवानाच्या तालमीशी किंवा जिल्ह्याशी संबंधित आहे का, हे कुस्तीआधीच जाहीर केलं तर निम्म्या शंका तिथेच मिटतील. त्याला मोठा खर्चही नाही.

व्हिडिओ शेअर करण्याआधी

पुढच्या वेळी अशी क्लिप आली, तर आधी कॅमेरा कुठे होता ते पाहा. एका बाजूने घेतलेल्या व्हिडिओत जवळचा खांदा दिसतो, लांबचा अंगाखाली झाकलेला असतो. तसंच क्लिप संथ केलेली आहे का, तेही बघा. संथ केल्यावर डोळ्याचं पातं लवण्याइतका स्पर्शही बराच वेळ दाबून धरल्यासारखा भासतो. मूळ वेगात पाहा आणि पंच कुठे आहे ते शोधा. चितपट देताना तो बहुतेक वेळा गादीवर आडवा झालेला असतो, कारण खांद्याखालची ती बोटभर फट उभं राहून दिसतच नाही.