स्वयंपाकघरातला दुसरा टीव्ही

घरातल्या वस्तूंचा इतिहास सहसा कुणी लिहीत नाही. गॅसचा नंबर कधी लागला, मिक्सर कुणाच्या लग्नात आला, हे आपल्या बायकांच्या तोंडी असतं तेवढंच. एका वस्तूची तारीख मात्र थेट दिल्लीतून ठरून आली. केबलचा डबा, म्हणजे सेट टॉप बॉक्स. सुरत शहरासाठी ती तारीख होती ३१ मार्च २०१३. त्यानंतर केबलवाल्यानं जुन्या पद्धतीनं चित्र पाठवायचं नाही, पाठवायचं ते डिजिटलच, असा कायदा. आम्ही भेस्तानला राहतो. उधना गेलं की पुढचं स्टेशन आमचं, त्याच्या पुढे सचिन. त्यामुळे त्या तारखेत आम्हीही आलो.

या बदलाविषयी तेव्हा वर्तमानपत्रांतून पुष्कळ छापून आलं. किती वाहिन्या दिसणार, चित्र किती स्वच्छ, कोणत्या कंपनीचा किती फायदा. घरात काय झालं ते कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते.

थोडं मागे जाऊ. १९८७ च्या जानेवारीत दूरदर्शनवर रामायण सुरू झालं तेव्हा टीव्ही म्हणजे गच्चीवरचा अँटेना. त्याच सुमाराला शहरांतून व्हिडिओ केबल आली. एका घरात व्हीसीआर, त्यातून वायरी निघून शेजारच्या इमारतींत, आणि रात्री एक सिनेमा. १९९१ साली आखाती युद्ध झालं आणि परदेशी वाहिनीवर युद्ध थेट दिसतं म्हणून छत्र्या बसू लागल्या. त्याच वर्षी स्टार आलं, १९९२ च्या ऑक्टोबरात झी. सिनेमावाल्या मुलांनीच गच्चीवर छत्री ठोकली आणि ती मुलं केबलवाले झाली. त्यांच्यासाठी कायदा झाला तो १९९५ साली, तोवर गावोगाव जाळं विणून झालेलं होतं. त्या कायद्यात एक गंमत होती. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत केबलवाल्यानं नाव नोंदवायचं ते मुख्य पोस्टात! मनिऑर्डर आणि केबल, एकाच इमारतीत.

आता आमच्या गल्लीकडे येते. सुरतेत मराठी माणूस म्हणजे बहुतेक खानदेशचा. तापी व्हॅलीची रेल्वे जळगावहून निघते ती उधन्याला येऊन मिळते. जळगाव, धुळे, नंदुरबारची माणसं याच रुळावरून आली आणि लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा, भेस्तान या पट्ट्यात राहिली. पुरुष लूमच्या खात्यात किंवा डाईंग मिलमध्ये बारा तासांच्या पाळीला, बायका घरी साडीला टिकल्या-लेस लावायला. आमच्यासारखी दुकानदारीतली जैन घरंही त्यांच्यामागून आली. घरात मराठी, दुकानात गुजराती, पाहुण्यांत मारवाडी आणि भांडणात अहिराणी, अशी आमची बोली. महापालिकेच्या मराठी शाळा इथे आहेत, पण मोठ्या माणसांना रोज मराठी ऐकायला मिळायचं ते टीव्हीवरच.

१९९९ साली अल्फा मराठी आली, पुढे तिचीच झी मराठी झाली. २००० साली ई टीव्ही मराठी आली. पण वाहिनी निघाली म्हणजे ती भेस्तानला दिसली, असं नव्हतं. जुन्या केबलमध्ये एका वाहिनीला तारेतली एक अख्खी पट्टी लागायची. जास्तीत जास्त शंभराच्या आसपास वाहिन्या मावायच्या, आणि साध्या जाळ्यात त्याहून कितीतरी कमी. त्यातही पहिल्या पट्ट्यांवर चित्र चांगलं, पुढे पुढे मुंग्या. जुन्या टीव्हीला तर पुढच्या पट्ट्या पकडताच यायच्या नाहीत. म्हणून चांगल्या जागेसाठी वाहिन्याच उलट केबलच्या कंपन्यांना पैसे मोजायच्या. गुजरातेत मराठी वाहिनीला चांगली जागा कोण देणार?

आम्हाला ती मिळाली ती बायकांच्या बोलण्यातून. केबलवाला दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पैसे घ्यायला यायचा. दारोदार एकच ऐकायचा, "भाऊ, मराठी लाव ना." निम्मी गल्ली खानदेशची. चार दारांनी पैसे अडवले की पाचव्या दाराशी तो हसत म्हणायचा, "लगाता हूँ भाभी, लगाता हूँ." आणि एक दिवस लागायची. गल्लीतल्या कुणीही अर्ज केला नाही, पावती फाडली नाही. जुन्या केबलचा हा गुण मला इतिहासात नोंदवावासा वाटतो. मागणी घराची नव्हे, गल्लीची असायची.

दुसरा गुण म्हणजे ती वायर कितीही वाटली जायची. पाच-दहा रुपयांचा स्प्लिटर लावला की एका वायरीच्या दोन, दोनाच्या चार. प्रत्येक टीव्हीला सगळ्या वाहिन्या आणि ज्याचं त्याचं बटण वेगळं. नवा रंगीत टीव्ही बाहेरच्या खोलीत आला की जुना फेकायचा कशाला? तो आत सरकायचा. आमच्याकडे चौदा इंची होता, स्वयंपाकघरात धान्याच्या कोठीवर. त्याला रिमोट नव्हता. रंग थोडा हिरवा पडलेला, आवाजाचं बटण पक्कडीनं फिरवायचं. पण तो आमचा होता, माझा, जाऊबाईंचा आणि सासूबाईंचा. चौविहारामुळे आमची जेवणं सूर्यास्ताआधी उरकतात. प्रतिक्रमण झालं की रात्रीचा वेळ मोकळा. शेजारच्या खानदेशी घरांत तेव्हा भाकरी थापणं चालू असायचं, त्यामुळे त्या बायका एका डोळ्यानं तव्याकडे, एका डोळ्यानं टीव्हीकडे बघायच्या. आम्ही तिघी जणी दोन्ही डोळ्यांनी. ई टीव्हीवरची 'चार दिवस सासूचे' २००१ पासून चालली, तीन हजारांहून जास्त भाग झाले. सासू आणि सुना शेजारी बसून सासूसुनांची मालिका इतकी वर्षं बघतात, तेव्हा न बोलता बरंच काही बोलून होतं.

सरकारला ही वाटली गेलेली वायरच नको होती. कारण त्यातून मोजदाद होत नसे. केबलवाल्याच्या वायरीवर खरी घरं किती आणि तो वर सांगतो किती, याचा मेळ कधी बसायचा नाही. तो कमी सांगायचा. वाहिन्यांना त्यांचे पैसे कमी पोचायचे, सरकारला कर कमी. डबा आला की प्रत्येक डब्याला नंबर, प्रत्येक नंबरमागे नाव, आणि वरच्या कंपनीला कंट्रोल रूममध्ये बसून एकेका घराची एकेक वाहिनी चालू-बंद करता येते. २००३ साली चेन्नईत हा प्रयोग सशुल्क वाहिन्यांपुरता झाला, २००६ च्या अखेरीला मुंबई-दिल्ली-कोलकात्याच्या काही भागांत. तो फार पसरला नाही. मग ऑक्टोबर २०११ मध्ये वटहुकूम निघाला, डिसेंबरात संसदेनं कायदा केला आणि देशाचे चार टप्पे पाडले. पहिल्यात चार महानगरं, दुसऱ्यात दहा लाखांवर वस्तीची अडतीस शहरं. पुणे, नाशिक, नागपूर त्यात, तसंच सुरतही.

तर २०१३ उजाडलं. जानेवारीत 'चार दिवस सासूचे' संपली, आणि फेब्रुवारीपासून वाहिन्यांवर खाली पट्टी फिरू लागली, डबा घ्या, नाहीतर टीव्ही बंद. केबलवाला फॉर्म घेऊन आला. त्यात नाव, पत्ता, फोटो, ओळखपत्र, कोणतं पॅकेज. इतकी वर्षं तो "भाभी" म्हणून पैसे माझ्याच हातून नेत होता. फॉर्मवर मात्र नाव पुरुषाचं लागलं, कारण वीजबिल त्यांच्या नावावर. गल्लीत जवळजवळ प्रत्येक घरात असंच झालं. मग त्यानं विचारलं, "कितने टीवी?"

हा प्रश्न आमच्या घरात त्याआधी कधी कुणी विचारलाच नव्हता. एका टीव्हीला एक डबा, त्याचे आमच्याकडे हजाराच्या आसपास, आणि महिन्याचे पैसेही डब्यागणिक. बाहेरच्या खोलीतून उत्तर गेलं, "एक."

कुणी मुद्दाम वाईट वागलं असं मी म्हणणार नाही. आतल्या टीव्हीची घरात गणतीच नव्हती, आणि गणती नव्हती म्हणूनच तो इतकी वर्षं बिनबोभाट चालला. कायदा मोजायला आला तेव्हा न मोजलेलं सगळ्यात आधी बंद पडलं. एप्रिलात एके सकाळी कोठीवरच्या टीव्हीवर सगळ्या नंबरांवर नुसत्या मुंग्या. ३ एप्रिलपासून आयपीएल होतं. रात्री आठला बाहेरच्या खोलीत क्रिकेट, ते थेट मे अखेरपर्यंत.

बायकांनी तोड काढली. डब्याच्या मागून एक वायर काढून आतल्या टीव्हीला जोडली. चित्र आलं! पण डबा एक, म्हणजे चित्रही एक. बाहेर जे लावलं तेच आत. आम्ही तिघी स्वयंपाकघरात बसून चौके-छक्के बघत होतो. सासूबाईंनी दोन दिवस ते बघितलं आणि तिसऱ्या दिवशी माळ घेऊन बसल्या. मला ते दृश्य आजही फारसं विनोदी वाटत नाही.

दिवाळीआधी भिशीचा माझा नंबर लागला. त्यातून दुसरा डबा घेतला. फॉर्म मी भरला, ओळखपत्र माझं, फोटो माझा. जुन्या चौदा इंचीला पिवळी-लाल-पांढरी वायर घालायची भोकंच नव्हती, म्हणून शेजारणीकडून वापरलेला एकवीस इंची घेतला. गल्लीत असे दुसरे डबे घेणाऱ्या बायका थोड्या होत्या, हे सांगायला हवं. लूमवर जाणाऱ्या घरात महिन्याचे ते जास्तीचे पैसे म्हणजे एक-दोन दिवसांची भाजी. तिथला आतला टीव्ही भंगारात गेला, आणि त्या घरातली बाई आठनंतर आमच्या ओट्यावर येऊन बसू लागली.

डिजिटलनं दिलं काय, तेही लिहिते. चित्र स्वच्छ झालं. एकेकाळच्या एका पट्टीत आता आठ-दहा वाहिन्या मावतात, म्हणून जागेचं भांडण उरलं नाही. पारस, जिनवाणीसारख्या वाहिन्यांवर प्रवचनं घरबसल्या दिसू लागली. पायांनी थकलेल्या सासूबाईंना ती मोठीच सोय झाली. (नव्वदीत 'जैन टीव्ही' नावाची वाहिनी होती. नाव ऐकून आमच्यातल्या कित्येकींनी ती भक्तिभावानं लावली होती. ती डॉ. जे. के. जैन यांची वाहिनी, नाव आडनावावरून! स्तवन काही सापडलं नाही.)

गेलं काय, तर गल्लीची वाहिनी. जुन्या केबलवर एक नंबर केबलवाल्याचा स्वतःचा असायचा. त्यावर दुपारी सिनेमा, मध्येच साडीच्या सेलची जाहिरात, आणि चातुर्मासात उपाश्रयातलं प्रवचन, पर्युषणात तपस्वींचा वरघोडा, गणपतीत विसर्जन. मासक्षमण केलेली आपली ओळखीची मुलगी टीव्हीवर दिसते, याचं अप्रूप तुम्हाला वेगळं सांगायला नको. नव्या व्यवस्थेत सगळं चित्र वरच्या कंपनीच्या कंट्रोल रूममधून बंद कुलपात निघतं, खालचा केबलवाला फक्त वायर सांभाळतो. मधेच आपली कॅसेट लावायची त्याला सोय राहिली नाही. आमच्या भागात ती वाहिनी गेली ती गेलीच. आता वरघोडा मोबाईलवर दिसतो, पण तो ज्याला पाठवला त्याला.

माझ्या माहेरी, खानदेशातल्या खेड्यात, ही तारीख यायला आणखी चार वर्षं लागली. चौथ्या टप्प्याची मुदत सरकत सरकत ३१ मार्च २०१७ झाली. तोवर गावात निम्म्या घरांवर दूरदर्शनची फुकट छत्री बसली होती. आई फोनवर म्हणाली, "तुम्ही शहरातले पैसे भरून बघता, आम्ही फुकट बघतो." तिचं बरोबर होतं.

आणि मग १ फेब्रुवारी २०१९. ट्रायचा नवा नियम लागू झाला. पहिल्या शंभर वाहिन्यांचे १३० रुपये, कर धरून १५३ रुपये ४० पैसे. त्यापुढे जी सशुल्क वाहिनी हवी तिची छापील किंमत. गठ्ठ्यात बसायचं असेल तर एका वाहिनीला १९ रुपयांची मर्यादा होती, आणि खूप चालणाऱ्या कितीतरी वाहिन्यांनी नेमका १९ हाच आकडा लावला. जे बघाल त्याचेच पैसे द्या, असं सांगण्यात आलं. ऐकायला न्यायाचं वाटतं. पण भेस्तानला मराठी घराला मुलांच्या शाळेसाठी गुजराती बातम्या हव्यात, घरातल्यांसाठी हिंदी हवं, आणि वर मराठी. गुजरातचा तयार गठ्ठा स्वस्त, त्यात मराठी कमी. मराठी वेगळी मागा, वेगळे पैसे भरा. पूर्वी गल्ली मिळून "मराठी लाव ना" म्हणायची. आता गल्लीनं काहीही म्हटलं तरी केबलवाल्याच्या हातात ते नाही. प्रत्येक घरानं आपापल्या यादीवर आपापली खूण करायची.

त्या जानेवारीत आमच्या ओट्यावर चार-पाच जणी याद्या घेऊन बसल्या होत्या, गहू निवडावेत तशा वाहिन्या निवडत. एकीनं खेळांवर काट मारली आणि नवऱ्याला काय सांगायचं ते तिथंच ठरवून टाकलं. दुसरीनं बेरीज केली, खोडली, पुन्हा केली आणि शेवटी मराठीतली एकच ठेवली. सासूबाईंनी चष्मा लावून शंभरांतल्या सक्तीच्या दूरदर्शनच्या वाहिन्या बोट ठेवून वाचल्या आणि विचारलं, "सह्याद्री यात धरलेलीच आहे ना? मग तिचे वेगळे नाहीत?"

नाहीत, म्हटलं. त्यांनी त्या नावापुढे पेन्सिलीनं बारीक खूण केली.