दाराला कडी का लागते?

सप्टेंबर २०२०. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या सरकारी मोहिमेत आम्ही आशाताईंबरोबर वरूड तालुक्यातल्या एका वस्तीत घरोघर फिरत होतो. एका दारात म्हातारी म्हणाली, "मास्टरसाब, नाम किसलिए लिखते? लेके जाते क्या?" आणि कडी लागली. सोबतचा एकजण पुटपुटला, "अडाणी लोक!" आम्हाला मात्र ती कडी सव्वाशे वर्षांची जुनी वाटली.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९७ मध्ये साथरोग कायदा झाला. घरात शिरायचे, आजारी माणूस उचलायचा, बाकीच्यांना छावणीत टाकायचे, हा सगळा अधिकार सरकारला मिळाला. पुण्यात रँडसाहेबाने या कामाला गोरे सोजीर लावले. त्याच पुण्यात, त्याच मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता स्वतः प्लेगने गेल्या. एका सेवेला लोकांनी दार उघडले, दुसरीला गोळी मिळाली. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईत मोमीन विणकरांच्या वस्तीत आजारी मुलीच्या तपासणीवरून दंगल उसळली. लोकांचा विरोध औषधाला नव्हता, बेअब्रूला होता. पुढे सरकारने धाक कमी केला आणि जातीजमातींच्या स्वतंत्र रुग्णालयांना वाव दिला. हाफकिनची लस तरुण आगाखानांनी आपल्या माणसांदेखत टोचून घेतली, तेव्हा त्यांच्या अनुयायांची भीती ओसरली.

वऱ्हाडाचे दुखणे आणखी निराळे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने देशात एक कोटीहून अधिक माणसे नेली. सर्वाधिक झळ बसलेल्या प्रांतांत मध्य प्रांत व वऱ्हाड होता. पाऊस दगा देऊन गेलेला, धान्य महागलेले, कितीतरी डॉक्टर महायुद्धावर गेलेले. इथे जुलूम करायलाही कुणी आले नाही. ज्या खेड्याने डॉक्टर पाहिलाच नाही, त्याने विश्वास ठेवायचा तरी कुणावर?

२०२० साली तबलिगी जमातीच्या निमित्ताने एका अख्ख्या समाजाकडे बोट दाखवले गेले. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केल्याचे म्हटले. निकाल वर्तमानपत्रात आला, पण म्हातारीच्या मनातली धास्ती तशीच राहिली. आमचाही दोष सांगायला हवा. पोलिओच्या डोसापासून लसीपर्यंतच्या अफवा आमच्याच मोहल्ल्यांत पिकल्या, आणि शिकलेले आम्ही पुष्कळदा गप्प बसलो. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्यात पुन्हा लाट उसळून टाळेबंदी लागली, तेव्हा त्या गप्प बसण्याची किंमत कळली.

ती कडी दुसऱ्या दिवशी निघाली. आशाताई एकट्याच गेल्या होत्या. म्हातारीच्या नातवाला पोलिओचे थेंब त्यांनीच पाजले होते, सुनेच्या बाळंतपणात दवाखान्यात त्याच बसल्या होत्या. त्यांनी आधी सुनेची चौकशी केली, मग बोटाला ऑक्सिमीटर लावला. नाव लिहायची वेळ आली तेव्हा म्हातारीने ते स्वतःच सांगितले.

साथ आल्यावर विश्वास मागायला जाणाऱ्यांनी साथ नसताना त्या दारी किती वेळा गेलो, हे आधी मोजावे. आम्ही मास्तरांनीसुद्धा.