डाउनलोड आणि कॉपीराइट

इंटरनेटवर इतरांनी ठेवलेली गाणी, चित्रपट वा खेळ स्वतःच्या संगणकावर किंवा मोबाइलवर उतरवून घेणे म्हणजे डाउनलोड. भारतात त्याची वैधता मुख्यतः कॉपीराइट कायदा, १९५७ आणि त्यातील २०१२ची दुरुस्ती यांवर ठरते. ‘फुकटचे म्हणजे चोरीचे’ आणि ‘स्वतःपुरते घेतले तर चालते’ हे दोन्ही समज लोकप्रिय आहेत, आणि दोन्ही अर्धवट. फाइल कसली आहे, घेणाऱ्याने ती पुढे दिली का आणि मालकाची परवानगी आहे का, यांवर उत्तर बदलते.

नुसते पाहणे गुन्हा आहे का, हा प्रश्न २०१६मध्ये ‘ढिशूम’ या हिंदी चित्रपटाच्या निमित्ताने मुंबई उच्च न्यायालयात गाजला. बेकायदा प्रतींचे दुवे बंद केल्यावर त्या पानांवर जो इशारा झळके, त्यात पाहणे, डाउनलोड करणे, दाखवणे आणि नक्कल करणे यांना एकाच पंक्तीत बसवून तीन वर्षांची कैद आणि तीन लाखांपर्यंतच्या दंडाची भीती घातलेली होती. न्या. गौतम पटेल यांनी स्पष्ट केले, की बेकायदा प्रत केवळ पाहणे हा या कायद्याखाली गुन्हा नाही. मालकाला बाधक ठरणारे वितरण, जाहीर प्रदर्शन, विक्री वा भाड्याने देणे हा गुन्हा आहे. इशाऱ्याचा मजकूर बदलावा लागला. गंमत म्हणजे कलम ६३मधील कमाल दंड दोन लाखच आहे.

डाउनलोडचे प्रकरण पाहण्याइतके सरळ नाही, कारण त्यात नवी प्रत तयार होते आणि प्रत काढण्याचा हक्क मालकाचा असतो. कलम ५२ खासगी वापरासाठी ‘रास्त’ व्यवहाराला मुभा देते. २०१२पूर्वी ही मुभा साहित्य, नाट्य, संगीतरचना व कलाकृती यांच्यापुरती होती. दुरुस्तीनंतर चित्रपट व ध्वनिमुद्रणेही तिच्यात आली. मात्र चोरीच्या प्रतीवरून अख्खा चित्रपट उतरवणे रास्त कसे, हे पटवून देण्याची जबाबदारी बचाव करणाऱ्यावरच येते, आणि ते काम सोपे नाही.

टॉरेंटने तर हा बचाव आणखी पातळ केला. त्यात फाइलचे तुकडे येत असतानाच आलेले तुकडे आपोआप इतरांकडे जाऊ लागतात. ‘मी फक्त घेतले’ असे म्हणणारा माणूस त्या क्षणी वाटपही करत असतो. टेलिग्रामच्या चॅनेलवर चित्रपट चढवणाऱ्याची स्थिती याहून स्पष्ट आहे: तो सरळ वितरक ठरतो.

जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम ६३खाली सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. धंद्यातील फायद्यासाठी केलेले नसेल, तर विशेष कारणे नोंदवून न्यायालय शिक्षा कमी करू शकते. मे २०२२मध्ये ‘निट प्रो’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र ठरवला. चित्रपटगृहात कॅमेरा लावून चित्रण करणाऱ्यांसाठी २०२३च्या सिनेमॅटोग्राफ दुरुस्तीत वेगळी शिक्षा आहे: किमान तीन महिने कैद व तीन लाख रुपये दंड, आणि हा दंड निर्मितिखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

खेळांबाबत कायदा सर्वांत कडक आहे, आणि नेमके हेच फारसे कोणाला माहीत नसते. खेळाचा गाभा संगणक आज्ञावलीचा असतो, आणि खासगी वापराची वरील मुभा आज्ञावलीला नाही. कायदेशीरपणे घेतलेल्या प्रतीची स्वतःपुरती नक्कल चालते. बाजारातून ‘क्रॅक’, म्हणजे संरक्षण तोडलेली प्रत, आणलेल्याला तो आधार नाही. कलम ६३ब तर बेकायदा प्रत संगणकावर जाणूनबुजून वापरण्यालाच शिक्षा सांगते: सात दिवस ते तीन वर्षे कैद, शिवाय दंड. फायद्यासाठी नसेल तर कैद टळू शकते, दंड मात्र ५० हजारांपर्यंत होऊ शकतो. म्हणजे चोरीचा चित्रपट पाहणारा सुटेल, चोरीचा खेळ खेळणारा अडकेल. उल्लंघनाच्या हेतूने खेळाचे संरक्षक कुलूप तोडणे हा कलम ६५अखाली आणखी वेगळा गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैदेचा.

न्यायालयांचा रोख मात्र घरोघरच्या डाउनलोड करणाऱ्यांपेक्षा संकेतस्थळांवर राहिला आहे. एप्रिल २०१९मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने यूटीव्ही या चित्रपट कंपनीच्या खटल्यात, बंद केलेल्या संकेतस्थळाच्या नव्या नावाने उगवणाऱ्या प्रतिकृतींनाही तोच आदेश लागू करण्याची सोय केली.

सगळेच डाउनलोड संशयास्पद नसते. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली दिलेली गाणी किंवा लिनक्स ही मुक्त संगणकप्रणाली टॉरेंटने उतरवण्यात काही गैर नाही. चित्रपटाचा कॉपीराइट प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षे टिकतो. त्यामुळे १९३६चा ‘संत तुकाराम’ आणि १९५३चा ‘श्यामची आई’ चित्रपट म्हणून मुक्त आहेत. पण गाण्याच्या चालीची मुदत संगीतकाराच्या मृत्यूपासून मोजतात. ‘श्यामची आई’चे संगीतकार वसंत देसाई १९७५मध्ये वारले, त्यांच्या चालींचा हक्क २०३५अखेर संपेल.

परदेशी जाणाऱ्यांनी इथला अंदाज तिथे लावू नये. जर्मनीत टॉरेंट लावणाऱ्याला वकिलाची नोटीस आणि शेकडो युरोंची मागणी येणे हा नेहमीचा प्रकार आहे. स्वित्झर्लंडमध्ये स्वतःपुरते डाउनलोड चालते, चढवणे चालत नाही. नेदरलँड्समध्येही ते चालत असे. एप्रिल २०१४मध्ये युरोपीय न्यायालयाच्या निकालाने ते बेकायदा ठरले.