'लिन'चं कूळ

जनुकांना नावं ठेवण्यात कृमींवर काम करणाऱ्यांचा हात कोणी धरणार नाही. जनुक मोडल्यावर जे बिघडतं, तेच त्याचं नाव. 'लिन' म्हणजे 'लिनिएज', वंशावळ. कोणत्या पेशीच्या पोटी कोणती पेशी कधी जन्मावी, हा हिशेब ज्यांच्या बिघाडाने चुकतो ती ही जनुकं. त्यातलं लिन-४ मोडलं, तर 'सी. एलिगन्स' हा मिलिमीटरभर लांबीचा सूत्रकृमी वाढीच्या पहिल्याच इयत्तेत पुन्हा पुन्हा बसतो. अंगाने वाढतो, पण वयात येत नाही.

हार्वर्डमध्ये व्हिक्टर ॲम्ब्रोस, रोझालिंड ली आणि ऱ्होंडा फाइनबाउम लिन-४चं प्रथिन शोधत होते. जनुक असलं की प्रथिन असायचंच, हा तेव्हाचा रिवाज. डीएनएचा तुकडा कापून कापून लहान होत गेला, तरी प्रथिन काही सापडेना. शेवटी हाती राहिला तो जेमतेम २२ अक्षरांचा आरएनए. शेजारच्या बॉस्टनमध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत गॅरी रव्हकुन याच कुळातल्या लिन-१४ या जनुकावर काम करत होते. जून १९९२मध्ये ॲम्ब्रोस आणि रव्हकुन यांनी आपापली अक्षरं एकमेकांना कळवली. लिन-१४च्या संदेशाच्या, म्हणजे संदेशवाहक आरएनएच्या, शेपटीत लिन-४ काज्यात बटण बसावं तसं जागोजाग बसत होतं. थोडं ढिलं, पण बसत होतं. बटण लागलं की लिन-१४चं प्रथिन बनणं थांबतं आणि कृमी पुढच्या इयत्तेत जातो. डिसेंबर १९९३मध्ये 'सेल' या नियतकालिकात दोन्ही निबंध आले. लोकांनी वाचले आणि कृमीचा विक्षिप्तपणा म्हणून बाजूला ठेवले.

सात वर्षांनी रव्हकुनच्याच प्रयोगशाळेतून लेट-७ आलं. ('लेट' म्हणजे लीथल, प्राणघातक. नावाची तीच तऱ्हा.) हे मात्र माणसातही जसंच्या तसं निघालं. मग धावाधाव झाली आणि २००१मध्ये 'सायन्स'च्या पानांवर या बुटक्या जमातीचं बारसं झालं : मायक्रोआरएनए. पुढच्याच वर्षी लिन-४चा सस्तन प्राण्यांमधला भाऊबंदही उंदरात सापडला. तो होता मिर-१२५. ॲम्ब्रोस आणि रव्हकुन यांना नोबेल मिळायला २०२४ उजाडलं.

स्तनाच्या कर्करोगाशी या कुळाचा धागा इथे जुळतो. २००५मध्ये कर्करोग-संशोधक कार्लो क्रोचे यांच्या गटाने स्तनाच्या ७६ गाठी निरोगी ऊतींशी ताडून पाहिल्या. मिर-२१ आणि मिर-१५५ वाढलेले होते. घटलेल्यांत मिर-१४५ होता आणि त्याच्या जोडीला मिर-१२५बी, म्हणजे लिन-४च्याच घरातला. जो कृमीला वेळेवर मोठं करतो, त्याचाच नातलग बेसुमार वाढणाऱ्या गाठीत कमी पडावा, हे मला योगायोगापेक्षा जास्त वाटतं. २००७मध्ये प्रयोगशाळेतल्या पेशींत आणखी एक गोष्ट दिसली. मिर-१२५ बाहेरून भरला की हर-२ हे प्रथिन घटतं. काही रुग्णांच्या गाठींत भलतंच वाढून पेशींना सतत 'वाढ, वाढ' म्हणणारं प्रथिन ते हेच. ट्रास्टुझुमॅब हे औषध त्याला बाहेरून, पेशीच्या पृष्ठभागावर पकडतं. मिर-१२५ त्याचा संदेशच आतल्या आत अडवतो.

म्हणून त्याला कुळातला सज्जन ठरवायला मात्र घाई नको. रक्ताच्या काही कर्करोगांत हाच मिर-१२५बी प्रमाणाबाहेर वाढलेला असतो आणि तिथे तो रोगाला हातभार लावतो.