राख, सुरखी आणि नॅनो-सिलिका

पाण्यातले काँक्रीट टिकावे म्हणून त्यात नॅनो-सिलिका मिसळतात, असे वाचले की हा शोध अगदी आजचा वाटतो. आम्हाला तो एका फार जुन्या कथेचा पुढचा अध्याय वाटतो.

इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात रोमन वास्तुविद विट्रुव्हियसने नेपल्सजवळच्या एका भुकटीचे वर्णन केले. चुन्यात मिसळली की ती समुद्रातही घट्ट होते, असे त्याने लिहून ठेवले. ती ज्वालामुखीची राख होती. पोत्सुओली गावावरून तिला ‘पोझोलाना’ म्हणू लागले. हेरोद राजाच्या कैसरिया बंदरासाठी ही राख भूमध्य समुद्र ओलांडून नेण्यात आली.

राखेत असे काय होते? पाण्यात भिजणाऱ्या बांधकामाचा खरा वैरी म्हणजे त्यातला मोकळा चुना. तो विरघळतो, झिरपत बाहेर पडतो आणि मागे पोकळी ठेवतो. राखेतली सिलिका या चुन्याशी संयोग पावून त्याला न विरघळणाऱ्या बंधात अडकवते.

इंग्लंडमध्ये जॉन स्मीटनने 1759 मध्ये एडिस्टनचे दीपगृह पुरे केले, तेव्हा त्यानेही इटलीतून पोझोलाना मागवला होता. पुढे ते दीपगृह उतरवावे लागले, ते त्याखालचा खडक लाटांनी झिजल्यामुळे; बांधकाम शाबूत होते.

आपल्याकडे राखेची जागा सुरखीने, म्हणजे भाजलेल्या विटांच्या भुकटीने घेतली. ‘सुर्ख’ म्हणजे लाल, या फारसी शब्दातून आलेले हे नाव. 1895 मध्ये पूर्ण झालेले मुल्लपेरियार धरण चुना-सुरखीचेच. त्यातून चुना झिरपत राहिला, आणि 1979 नंतर त्याला काँक्रीटचा व पोलादी तारांचा आधार द्यावा लागला. धरणाखालच्या वस्त्यांची चिंता त्यानंतरही सरली नाही. भुकटीने चुना किती बांधून ठेवला, या प्रश्नाला माणसांच्या जिवाचे मोल असते, ते असे.

1824 मध्ये जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. पुढे विकसित झालेले हे सिमेंट पाण्याखालीही घट्ट होते. पण घट्ट होताना तेही मोकळा चुना निर्माण करते. जुना वैरी नव्या घरातही राहायला आला!

नॅनो-सिलिका त्याच वैऱ्याला गाठते. सिमेंटचा कण साधारण 10 ते 20 मायक्रॉनचा. हा 100 नॅनोमीटरहून लहान, म्हणजे शंभरपटींहून बारीक. त्यामुळे तो चुन्याशी झपाट्याने संयोग पावतो आणि सूक्ष्म छिद्रे बुजवतो. पाणी व क्षार आतल्या सळईपर्यंत सहजी पोचत नाहीत. मात्र हे कण एकमेकांना चिकटून गोळे बनतात, मिश्रण घट्टसर होते, आणि खर्चही वाढतो. नीट पसरले नाहीत, तर लाभ हाती लागत नाही.

म्हणून नॅनो या शब्दाने आम्ही दिपून जात नाही, आणि त्याला हसतही नाही. दोन हजार वर्षांत भुकटी बारीक होत गेली, तत्त्व तेच राहिले. रोमन बंदरांना मात्र काळाने तपासले आहे. या नव्या भुकटीची ती परीक्षा अजून व्हायची आहे.